वेड गेल्याशिवाय लग्न नाही: एनएसएचं कंत्राट मिळतं कसं

अमेरिकेतल्या गणिताच्या शोधनिबंधांत शेवटची आभाराची ओळ वाचायची सवय असेल, तर ‘एच ९८२३०’ने सुरू होणारा एखादा अनुदानाचा क्रमांक कधीतरी डोळ्यांखालून गेला असेल. हा आकडा ‘मेरीलँड प्रोक्युरमेंट ऑफिस’चा. नाव वाचून वाटतं, मेरीलँड राज्य सरकारचं एखादं खरेदी खातं असेल, शाळांसाठी बाकं आणि कचेऱ्यांसाठी कपाटं घेणारं. प्रत्यक्षात ते अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचं, म्हणजे एनएसएचं, खरेदीचं नाव आहे.

ही संस्था १९५२ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी गुपचूप स्थापन केली. तिचं अस्तित्व इतकी वर्षं झाकलेलं होतं की एनएसए म्हणजे ‘नो सच एजन्सी’, अशी कुठली संस्थाच नाही, असा विनोद वॉशिंग्टनमध्ये रूढ झाला. आज तिची वेबसाइट आहे, नोकरीच्या जाहिराती आहेत, आणि ‘आमच्याबरोबर धंदा कसा करावा’ हे सांगणारी पानंही आहेत. ती पानं वाचून मात्र एक गोष्ट नीट कळत नाही. इथं कंपनी विकते ते सॉफ्टवेअर किंवा यंत्र हा व्यवहाराचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे आधीच तपासून घेतलेला विश्वास, आणि तो निविदा निघाल्यावर जमवता येत नाही.

एनएसए नेमकं घेते तरी काय? तिची कामं मुख्यतः दोन. परदेशी संदेश पकडून त्यांचा अर्थ लावणं हे एक, आणि अमेरिकी सरकारच्या अतिसंवेदनशील यंत्रणा इतरांपासून सांभाळणं हे दुसरं. त्यासाठी प्रोग्रामर लागतात, भाषांतरकार लागतात, गणिती लागतात, चिप बनवणारे लागतात. पण मेरीलँडमधल्या फोर्ट मीड या लष्करी तळावरचं तिचं मुख्यालय एका छोट्या शहराएवढं आहे, त्यामुळे वीज, वातानुकूलन, साफसफाई, उपाहारगृह हेही लागतंच. टेक्सास, जॉर्जिया, हवाई, कोलोरॅडो, युटा इथली केंद्रं वेगळी. २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या हाती लागलेल्या कागदांनुसार त्या वर्षी अमेरिकेचं गुप्तचर बजेट ५२.६ अब्ज डॉलर होतं आणि त्यात एनएसएचा वाटा १०.८ अब्ज. सरकार स्वतः फक्त सगळ्या गुप्तचर संस्थांचा एकत्रित आकडा जाहीर करतं, कुणाचा किती ते नाही.

या पैशातला मोठा भाग खासगी कंपन्यांकडे जातो. फोर्ट मीडच्या कुंपणाला लागून ॲनापोलिस जंक्शन नावाची जागा आहे. तिथल्या बिझनेस पार्कमधल्या काचेच्या इमारतींवर संरक्षण क्षेत्रातल्या बड्या कंपन्यांच्या पाट्या दिसतात. आत नेमकं काय चालतं ते पाट्यांवर लिहिलेलं नसतं, पण कुणासाठी चालतं हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं.

निविदा दिसतात कुठे

अमेरिकी केंद्र सरकारशी कसलाही धंदा करायचा तर पहिली नोंदणी ‘सॅम डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर. तिथं कंपनीला बारा अक्षरांचा एक ओळख क्रमांक मिळतो आणि पाच अक्षरांचा ‘केज कोड’. ही नोंदणी फुकट आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण नोंदणी केली रे केली की ‘तुमची नोंदणी अपुरी आहे, इतके डॉलर भरा’ असे सरकारी वाटणारे मेल यायला लागतात. ते सरकारचे नसतात.

तिथंच कंपनी कुठल्या व्यवसायात मोडते याचे सहा आकडी कोड निवडायचे. हे कोड किरकोळ वाटतात, पण कंपनी ‘लहान’ धरायची की नाही हे त्यांच्यावर ठरतं. संगणकप्रणाली रचण्याचा कोड ५४१५१२. त्यात वर्षाची सरासरी उलाढाल ३.४ कोटी डॉलरपर्यंत असेल तर कंपनी लहान. या ‘लहान’पणाला पुढे बरीच किंमत येते.

याशिवाय एनएसएची स्वतःची एक नोंदवही आहे, ‘ॲक्विझिशन रिसोर्स सेंटर’. सगळे तिला ‘आर्क’ म्हणतात. कंपनी काय करते, तिला कुठली सुरक्षा मंजुरी आहे, हे तिथं भरायचं. एनएसएच्या एखाद्या अधिकाऱ्याला बाजारात हे काम कोण करतं ते पाहायचं असतं, तेव्हा तो इथं धुंडाळतो. म्हणून आर्कमधला मजकूर लिहिताना ‘आम्ही अत्याधुनिक सर्वंकष सेवा पुरवतो’ असलं काही लिहिण्यात अर्थ नाही. ‘आम्ही अमुक प्रकारच्या चिपमधलं फर्मवेअर उलटं उकलतो’ असं लिहिलेलं सापडतं.

पण गुप्त कामांची कागदपत्रं उघड्या इंटरनेटवर येतच नाहीत. कायदा काय म्हणतो? १९८४ च्या कायद्यानुसार सरकारी खरेदीत खुली स्पर्धा हा नियम, आणि त्याला सात अपवाद. त्यातला एक असा, की गरज उघड केल्यानं राष्ट्रीय सुरक्षेला धक्का बसणार असेल तर मोजक्याच कंपन्यांना बोलवता येतं. तेव्हाही शक्य तितक्या जास्त कंपन्यांना विचारावं अशी अपेक्षा असतेच. मात्र ज्यांना विचारायचं त्या कंपन्या आधीच आतल्या असाव्या लागतात. खरी गाठ आहे ती इथं.

पुरस्कर्ता शोधायचा कुठे

गुप्त माहिती हाताळायची तर फक्त माणसाला मंजुरी असून चालत नाही, कंपनीलाही लागते. हिला म्हणतात ‘फॅसिलिटी क्लिअरन्स’. नावात फॅसिलिटी असलं तरी ती इमारतीची नसून कंपनी नावाच्या कायदेशीर व्यक्तीची असते. ती देण्याचं काम संरक्षण खात्याची डीसीएसए ही संस्था करते. ज्या व्यवस्थेखाली हे चालतं ती १९९३ मध्ये एका अध्यक्षीय आदेशानं सुरू झाली. तिचे नियम पूर्वी एका नियमपुस्तिकेत होते, २०२१ पासून ते केंद्रीय नियमसंहितेतच घातले आहेत.

या मंजुरीसाठी कंपनीला स्वतःहून अर्जच करता येत नाही. कुणीतरी तिची शिफारस करावी लागते: एखाद्या सरकारी खरेदी कार्यालयानं, नाहीतर ज्या कंपनीला आधीच मंजुरी आहे तिनं. आणि शिफारस करणाऱ्यालाही दाखवावं लागतं की या कंपनीला गुप्त माहितीची खरोखरच गरज आहे, म्हणजे तसं काम तिच्या हाती आहे किंवा अगदी दाराशी आलंय. ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ हे कारण चालत नाही. थोडक्यात, मंजुरी हवी तर कंत्राट हवं आणि कंत्राट हवं तर मंजुरी हवी. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशातली गत.

हा नियम मूर्खपणाचा वाटतो, पण त्यामागे एक साधा हिशेब आहे. तपासणीचा खर्च सरकार करतं. कंपनीला त्यासाठी एक डॉलरही भरावा लागत नाही. ज्याला त्याला अर्ज करू दिला, तर ज्यांच्याकडे कधीच काम येणार नाही अशा हजारो कंपन्यांची कुंडली सरकारी पैशानं मांडावी लागेल. शिवाय गुपित जितक्या कमी दारांतून जाईल तितकं बरं.

शिफारस मिळाली की कंपनीची उलटतपासणी सुरू. कंपनी अमेरिकी कायद्याखाली स्थापन झालेली हवी. तिच्या प्रमुखाला आणि दोन ठरावीक अधिकाऱ्यांना (एक सुरक्षा सांभाळणारा, दुसरा आतल्याच माणसांकडून होणाऱ्या धोक्यावर नजर ठेवणारा) वैयक्तिक मंजुरी मिळावी लागते. पाच माणसांच्या कंपनीत एकच जण या तिन्ही टोप्या घालून बसलेला असतो, तो भाग वेगळा. त्यानंतर सगळ्यात नाजूक प्रश्न येतो: कंपनीत परदेशी पैसा किती, परदेशी मालकी किती, परदेशी कर्ज किती, उत्पन्नाचा किती हिस्सा बाहेरून येतो? त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. परदेशी मालकी आढळली म्हणजे सगळं संपलं असं मात्र नाही. तोडगे असतात, आणि त्यातले काही फारच मजेशीर. एका प्रकारात परदेशी मालकानं नफा घ्यायचा, पण मतदानाचा हक्क मंजुरीप्राप्त अमेरिकी नागरिकांच्या हाती सोपवून कारभारातून पूर्ण बाजूला व्हायचं. जमीन तुझी, पण शेतात पाऊल टाकायचं नाही.

नवउद्योगांचा घात बहुतेक वेळा याच टप्प्यावर होतो. सुरुवातीला पैसा उभा करताना कुठल्या गुंतवणूकदाराकडून घेतोय हे कुणी बारकाईनं पाहत नाही. चार वर्षांनी एनएसएच्या कामाची संधी येते, आणि मग त्या गुंतवणूक निधीमागे नेमकं कोण आहे हे शोधत बसावं लागतं. या क्षेत्रात यायचं मनात असेल तर भागधारकांची यादी पहिल्या दिवसापासून स्वच्छ ठेवावी. माझ्या मते नंतरच्या दहा वकिलांपेक्षा ते स्वस्त पडतं.

माणूस हेच भांडवल

कंपनीला मंजुरी मिळाली, आता माणसं. एनएसएच्या बहुतेक तांत्रिक कामांच्या जाहिरातींत एक ठरलेला शब्दसमूह असतो, ‘टीएस एससीआय विथ पॉली’. टीएस म्हणजे टॉप सीक्रेट. एससीआय हा त्याच्याही आतला कप्पा, ज्या माहितीवरून ती कुठून मिळाली याचा सुगावा लागेल अशी माहिती. आणि पॉली म्हणजे पॉलिग्राफ, लोकांच्या भाषेत खोटं पकडायचं यंत्र. डीसीएसएनं टॉप सीक्रेटची पात्रता ठरवली तरी आतल्या कप्प्यात घ्यायचं की नाही ते एनएसए स्वतः ठरवते.

पहिली अट अमेरिकी नागरिकत्वाची. ग्रीन कार्ड पुरत नाही. जन्म परदेशात झालेला असला तरी हरकत नाही, दुहेरी नागरिकत्व असलं तरी तेवढ्यानं नाव कापलं जात नाही, पण परदेशातले नातेवाईक, तिथली घरं, बँक खाती, सगळं सांगावं लागतं. त्यासाठीचा एसएफ ८६ नावाचा अर्ज शंभराहून जास्त पानांचा आहे. मागच्या दहा वर्षांत कुठे राहिलात, तिथं तुम्हाला ओळखणारं कोण, कुठे नोकरी केली, का सोडली, असं तो विचारत जातो. २०१५ मध्ये उघड झालं की सरकारी कार्मिक कार्यालयातून नेमक्या याच तपासण्यांची माहिती चोरीला गेली होती, तब्बल २.१५ कोटी लोकांची. ज्यांनी इमानदारीनं सगळं लिहून दिलं होतं, त्यांचंच सगळं बाहेर गेलं.

पात्रता ठरवायला तेरा निकष आहेत: निष्ठा, परदेशी प्रभाव, पैशाचे व्यवहार, दारू, अमली पदार्थ, गुन्हे वगैरे. त्यातलं कर्ज हे प्रकरण लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. थकलेली बिलं लपवणारा माणूस विकत घेता येतो, असा त्यामागचा विचार. अमली पदार्थांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. मेरीलँडमध्ये जुलै २०२३ पासून प्रौढांना गांजा कायदेशीर आहे. पण केंद्रीय कायद्यात तो आजही बेकायदेशीर, आणि मंजुरी देतं केंद्र सरकार. राज्याच्या परवानगीनं रस्त्यापलीकडच्या दुकानातून घेतला, ही सबब कुंपणाच्या आत चालत नाही. अर्थात, एखाद्या जुन्या चुकीपेक्षा ती लपवणं जास्त महागात पडतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहायचं आणि पॉलिग्राफच्या खुर्चीत घाम फुटायचा, हा रस्ता थेट नकाराकडे जातो.

या सगळ्याला अनेक महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त. तोवर त्या माणसाला गुप्त कामावर बसवता येत नाही, आणि लहान कंपनीला इतके दिवस त्याला बसून पगार देणं परवडत नाही. म्हणून ज्याच्याकडे मंजुरी आधीच आहे असा अभियंता या बाजारात सोन्याच्या भावानं जातो. आपल्या हुशारीइतकाच तो पॉलिग्राफच्या तारखेवर विकला जातो. आणि कंपनीला अशा माणसांचा साठाही करून ठेवता येत नाही, कारण जेवढ्यांची कामाला गरज तेवढ्याच मंजुऱ्या मागायच्या, असा नियम आहे.

जागेचा प्रश्नही आहेच, पण तो थोडक्यात आटोपतो. गुप्त काम ‘स्किफ’मध्ये करावं लागतं. आवाज बाहेर जाणार नाही, लहरी बाहेर जाणार नाहीत, दारावर नोंद होईल अशी बांधलेली खोली. मोबाइल आणि स्मार्टवॉच बाहेरच्या कप्प्यात ठेवायचं आणि आत जायचं. ती बांधणं महाग आणि तिला मान्यता मिळवणं वेळखाऊ. म्हणून लहान कंपन्या शक्यतो त्या फंदात पडत नाहीत. त्यांची माणसं एनएसएच्या इमारतीत किंवा मोठ्या कंपनीच्या स्किफमध्ये बसतात.

मोठ्याचं बोट धरून

तर मग लग्न आणि वेड यांची ही गाठ सुटते कुठे? बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: उपकंत्राटात. ज्या मोठ्या कंपनीकडे आधीच काम आहे, तिच्या हाताखाली एक तुकडा घ्यायचा. ती मुख्य कंत्राटदार, तुम्ही उपकंत्राटदार. तुमच्या तुकड्याला गुप्त माहिती लागते म्हणून तीच तुमची शिफारस करते. कामाबरोबर डीडी २५४ नावाचा एक फॉर्म येतो. कुठली माहिती, किती गुप्त, कुठे ठेवायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

मोठी कंपनी हे उपकार म्हणून करत नाही. केंद्र सरकारनं ठरवलेलं उद्दिष्ट असं, की थेट कंत्राटांच्या रकमेतला किमान २३ टक्के वाटा लहान उद्योगांना मिळावा. मोठ्या कंपनीला मोठं काम मिळालं की लहानांना त्यातलं किती देणार याचा आराखडा द्यावा लागतो. काही निविदा तर फक्त लहान कंपन्यांसाठी राखून ठेवतात, आणि त्यातही महिलांच्या, जखमी माजी सैनिकांच्या, मागास भागातल्या कंपन्यांसाठी वेगळे कप्पे असतात. त्यामुळे चांगली लहान कंपनी ही मोठीचीही गरज असते. मात्र राखीव निविदा जिंकून सगळं काम मागच्या दारानं मोठ्या कंपनीला देता येत नाही. सेवांच्या कामात साधारण अर्ध्याहून जास्त पैसा बाहेरच्या मोठ्यांकडे वळवायला मनाई आहे.

उपकंत्राटाचा करार करताना दोन गोष्टी नीट वाचाव्यात. निविदेआधी होणाऱ्या भागीदारीच्या करारात बऱ्याचदा अट असते की या कामासाठी तुम्ही दुसऱ्या कुठल्या मोठ्या कंपनीबरोबर जायचं नाही. ती मान्य केली आणि ती कंपनी हरली, की तुम्हीही हरलात. दुसरी गोष्ट अशी, की ‘जिंकल्यावर तुम्हाला काम देऊ’ आणि ‘इतक्या माणसांचं काम देऊ’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यावर सही करून वर्षभर फोनची वाट पाहणाऱ्या कंपन्या काही कमी नाहीत.

ज्यांना सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही, त्यांच्यासाठी संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारी ‘एपेक्स ॲक्सिलरेटर’ केंद्रं जवळपास प्रत्येक राज्यात आहेत. तिथला सल्ला फुकट असतो. महागडा सल्लागार नेमण्याआधी तिथं जाऊन यायला काय हरकत आहे?

गुप्त नसलेली पण संवेदनशील माहितीही सांभाळावी लागते. संरक्षण खात्याच्या सगळ्याच कंत्राटदारांना हे लागू आहे, आणि एनएसए त्याच खात्यात येते. अशा माहितीसाठी ११० सुरक्षा अटींची एक यादी आहे. आपल्याला किती गुण पडतात ते कंपनीनं मोजून कळवायचं. पैकीच्या पैकी म्हणजे ११०, आणि काहीच केलं नसेल तर उणे २०३! पूर्वी कंपनीनं स्वतः सांगितलेलं बहुतेक वेळा मान्य व्हायचं. नोव्हेंबर २०२५ पासून सीएमएमसी या सायबरसुरक्षा तपासणीच्या व्यवस्थेच्या अटी टप्प्याटप्प्यानं कंत्राटांत येऊ लागल्या आहेत, आणि पुढच्या टप्प्यांत बाहेरचा परीक्षक येऊन तपासणार आहे. गंमत अशी की यात मदत करायला एनएसए स्वतः तयार असते. संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या कंपन्यांना तिचं सायबरसुरक्षा सहकार्य केंद्र घातक संकेतस्थळं अडवण्यासारख्या सेवा विनामूल्य देतं.

प्रस्ताव आणि भाव

निविदेच्या जाडजूड कागदात अनेक विभाग असतात. पण अनुभवी माणूस आधी ‘एल’ आणि ‘एम’ हे दोन उघडतो. एलमध्ये प्रस्ताव कसा लिहायचा ते असतं: किती पानं, कुठला फाँट, कशाच्या खाली काय. एममध्ये गुण कसे देणार ते. पान-मर्यादा ओलांडली तर जास्तीची पानं वाचलीच जात नाहीत, मग त्यात तुमचं सगळ्यात हुशार कलम का असेना. प्रस्तावात आपल्या कंपनीचा थोर इतिहास सांगणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे: एम विभागात इतिहासाला गुण आहेत का ते आधी पाहा.

आणि खरं तर निविदा निघते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी ‘हे काम कोण करू शकेल’ अशी विचारणा निघते, उद्योगांसाठी माहिती-दिवस होतात. त्या विचारणेला नीट, तांत्रिक उत्तर दिलं तर अटी लिहिताना त्याचा विचार होतो. निविदा पाहून जे पहिल्यांदा जागे होतात, ते दुसऱ्याच कुणाच्या मापानं शिवलेल्या अंगरख्यात शिरायला बघत असतात.

भाव कसा ठरतो? स्वस्तात स्वस्त तोच जिंकतो, ही समजूत इथं बऱ्याच अंशी चुकीची आहे. २०१७ च्या संरक्षण कायद्यानं माहिती तंत्रज्ञान आणि सायबरसुरक्षेच्या सेवांसाठी संरक्षण खात्यानं ‘पात्र असलेल्यांत सगळ्यात स्वस्त’ ही पद्धत शक्यतो टाळावी असं सांगितलं. गुणवत्ता आणि किंमत तोलून निवड करायची. काही कामं ठोक रकमेची असतात. संशोधनासारख्या कामांत मात्र शेवटी खर्च किती येईल हे कुणालाच ठाऊक नसतं. तिथं सरकार झालेला खर्च देतं आणि वर ठरलेलं शुल्क. या शुल्कालाही मर्यादा आहे: सर्वसाधारण कामात अंदाजित खर्चाच्या १० टक्के, संशोधनात १५.

आता एक कल्पित हिशेब. समजा अभियंत्याला तासाला ६० डॉलर पगार आहे. त्यावर विमा, रजा, करांचा बोजा धरला की ते ८० होतात. कार्यालय, सुरक्षा अधिकारी, हिशेबनीस धरले की ११०. शुल्क धरलं की सरकारला लावायचा दर १२० च्या आसपास. म्हणजे पगाराच्या दुप्पट. बाहेरच्याला ही लूट वाटते, पण त्यात नफा फक्त शेवटच्या पायरीवर आहे. मधल्या पायऱ्या सरकारचे लेखापरीक्षक एकेक करून तपासतात. खर्चावर आधारित काम घ्यायचं तर आधी त्यांना पटेल अशी हिशेबपद्धत बसवावी लागते. घरगुती वहीवर हे चालत नाही.

हरलात तर? ‘का हरलो ते सांगा’ असं विचारण्याचा हक्क आहे, पण त्यासाठी निकाल कळल्यापासून तीन दिवसांत लेखी मागणी करावी लागते. मिळतील ते शेरे मुकाट्यानं टिपून घ्यावेत. पुढच्या वेळेचा अभ्यास तिथंच असतो. निवडीतच खोट दिसली तर संसदेच्या लेखातपास संस्थेकडे, जीएओकडे, हरकत घेता येते आणि तिला १०० दिवसांत निकाल द्यावा लागतो. गुप्त खात्याविरुद्ध कसली दाद मिळणार, असं वाटेल. पण २०२१ मध्ये एनएसएनं ‘वाइल्ड अँड स्टॉर्मी’ नावाचं, सुमारे १० अब्ज डॉलरपर्यंतचं क्लाउडचं काम ॲमेझॉनला दिलं, मायक्रोसॉफ्टनं हरकत घेतली, आणि जीएओनं ती उचलून धरली: मूल्यमापन काही बाबतीत वाजवी नव्हतं, पुन्हा करा. एनएसएनं पुन्हा केलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये काम पुन्हा ॲमेझॉनलाच दिलं. हरकत घेणं आणि काम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिंकल्यानंतर

काम मिळाल्यावरची सगळ्यात धोक्याची गोष्ट हेरगिरी नव्हे, हजेरीपट आहे. कर्मचाऱ्यानं किती तास काम केलं ते रोजच्या रोज लिहायचं असतं, आणि त्यावर बिल निघतं. पण इमारतीत शिरताना नि बाहेर पडताना बिल्ला टेकवावा लागतो, त्याची नोंद वेगळी राहते. एनएसएचे निरीक्षक दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहतात. आठ तास लिहिले आणि आत साडेपाचच होता, असं महिनोन् महिने आढळलं की ते खोटं बिल ठरतं. मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयात अशा प्रकरणांत लोक दोषी ठरले आहेत. कंपनीवर दिवाणी दावा लागला तर नुकसानीच्या तिप्पट भरावं लागू शकतं.

विश्वासाचं भांडवल एका माणसानं बुडवलं तर काय होतं, याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. एनएसएची गुप्त कागदपत्रं पत्रकारांच्या हाती देणारा एडवर्ड स्नोडेन २०१३ मध्ये हवाईत बूझ ॲलन हॅमिल्टन या कंत्राटदार कंपनीच्या नोकरीत होता, आणि तेही तीन महिन्यांहून कमी काळ. लोक विसरतात तो भाग पुढचा. त्याची आधीची पार्श्वभूमी तपासणी यूएसआयएस या खासगी कंपनीनं केली होती, कारण तपासणीचं कामही सरकारनं कंत्राटावर दिलं होतं. त्या कंपनीनं किमान ६,६५,००० तपासण्या अर्धवट ठेवून पूर्ण झाल्याचं दाखवलं, असा सरकारनं नंतर आरोप केला. ते प्रकरण २०१५ मध्ये किमान ३ कोटी डॉलरच्या तडजोडीनं मिटलं. आज तपासणी एकदाच करून थांबत नाहीत. ती मागे चालूच असते, आणि आतल्या माणसांवर नजर ठेवण्याची व्यवस्था मंजुरी असलेल्या प्रत्येक कंपनीला २०१६ पासून सक्तीची झाली आहे.

अशी कंत्राटं अनेकदा एक मूळ वर्ष आणि पुढे चार ऐच्छिक वर्षं अशी असतात. पाचवं वर्ष संपत आलं की त्याच कामाची निविदा पुन्हा निघते. जुनी कंपनी हरली, तर नव्या कंपनीसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो माणसांचा. मंजुरी असलेली पन्नास माणसं महिन्याभरात आणायची कुठून? ती शोधायला लांब जावं लागत नाही. हरलेल्या कंपनीची माणसं तिथंच बसलेली असतात, काम त्यांना येत असतं, पॉलिग्राफ झालेला असतो. त्यांना एकेक करून फोन जातात. एनएसएत सरकारी नोकरांचा बिल्ला निळा आणि कंत्राटी माणसांचा हिरवा. शुक्रवारी संध्याकाळी हिरवा बिल्ला लावून बाहेर पडलेला माणूस सोमवारी सकाळी हिरवाच बिल्ला लावून त्याच खुर्चीत येऊन बसतो. बदललेलं असतं ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवरचं कंपनीचं नाव.